सामन्यासाठी ठेवलेला चेंडू

आमच्या घरात दोन तऱ्हेची ताटं होती. जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, पोचे पडलेली ताटं जेवायला, आणि स्टीलची ताटं बघायला. स्टीलची ताटं फळीवर भिंतीला टेकून उभी असायची, चकचकीत. पाहुणा आला की एक खाली यायचं, पाहुणा गेला की घासून-पुसून परत वर. मी स्टीलच्या ताटात पहिल्यांदा जेवले ते मावशीच्या घरी. तिच्याकडं आम्ही पाहुणे होतो ना.

सोलापूरजवळ कुंभारीच्या कामगार वसाहतीत आमची एक खोली. आई बिड्या वळायची. वडील मार्केट यार्डात कांद्याची पोती उचलायचे. कांद्याचा हंगाम उतरला की वडिलांचं काम आटायचं आणि मांडीवरच्या सुपावर आई एकटी घर ओढायची. संध्याकाळी बिड्या द्यायला गेलं की तिथला माणूस त्यातल्या मूठभर खराब म्हणून बाजूला काढायचा. त्या मुठीचे पैसे नाहीत. ती मूठ मोठी असली की रात्री भाकरीबरोबर नुसती मिरची. माझ्या पुस्तकांनासुद्धा तंबाखूचा वास यायचा. शेजारी बसणारी मुलगी म्हणायची, "तुझं भूगोलाचं पुस्तक उघडलं की शिंका येतात." मी म्हणायचे, "मग इतिहासाचं बघ."

असं घर असलं की चांगली वस्तू वापरायची नसते, ठेवायची असते. जयंतीला नवा फ्रॉक अंगावर चढायचा, दुसऱ्या दिवशी घडी घालून पेटीत. पुढच्या जयंतीला तो आखूड झालेला असायचा. म्हणजे फ्रॉक मी जेमतेम दोनदा घातला, पण सांभाळला मात्र वर्षभर. यात कुणाला काही चूक वाटायची नाही. मलाही नाही.

अशा घरातून मी बी.एस्सी. झाले, मग एम.एस्सी. झाले. आमच्या अख्ख्या भावकीत पदवी घेतलेली पहिली मी. हे मी कुणी विचारलं तरी सांगते, नाही विचारलं तरी सांगते. ज्यांच्या भिंतीवर आजोबांपासूनच्या पदव्या टांगलेल्या आहेत, त्यांना यात मिरवण्यासारखं काय ते कळत नाही. न कळू दे.

वडील माझी नोकरी बघायला राहिले नाहीत. सोलापूरच्या बाहेर एका मोठ्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी लागले, क्वार्टर मिळालं, आईला घेऊन आले. आणि त्या क्वार्टरच्या मागं गोल्फचं मैदान निघालं.

गोल्फ म्हटलं की टीव्हीवरची हिरवीगार कुरणं डोळ्यांपुढं येतात. आमच्याकडं हिरवं काय होतं, तर बसायचे लोखंडी बाक, तेही रंगवलेले म्हणून. बाकी सगळा मुरमाड माळ. कुणा हौशी साहेबानं पूर्वी तिथं नऊ खड्डे पाडून घेतले होते. खड्ड्याभोवती खरं तर मऊ हिरवळ पाहिजे. पण इथं माणसांना पाणी पुरवताना मारामार, गवताला कोण देणार? म्हणून खड्ड्याभोवती वाळूत तेल कालवून, दाबून, सपाट गोल केलेला. त्याला सगळे 'ब्राऊन' म्हणत. चेंडू ब्राऊनवर आला की लाकडी फळीनं वाळू सारखी करायची आणि मग तो खड्ड्यात ढकलायचा. घर सारवून घेतल्यासारखं.

एका रविवारी सकाळी मी बाजूनं चालत होते. सुरक्षा विभागाचे प्रमुख तिथं खेळत होते. ते सैन्यातून निवृत्त झालेले, त्यांना सगळे कॅप्टनसाहेब म्हणत. त्यांनी काठी पुढं केली. "या मॅडम, मारून बघा. पैसे पडत नाहीत."

पहिले तीन मार हवेत गेले. चौथा लागला. ठक्! चेंडू वर चढला, चढतच गेला, आणि लांब माळावर एवढासा होऊन टप्पे खात पळाला. मी काठी हातात धरून उभीच. आयुष्यात इतक्या लांब मी काही फेकलं नव्हतं. दुसऱ्या रविवारी मी बोलवायच्या आधीच हजर.

आईला हे काही पटलं नाही. ती एकदा बाकावर येऊन बसली, तासभर बघत राहिली आणि म्हणाली, "आदी लांब मारायचा, मग त्येच्या मागं चालत जायचं, पुन्ना मारायचा. मग पयल्यांदाच हातात घिऊन गेलं तर काय हुतंय?"

"अगं, खेळ आहे तो."

"व्हय, पर दमतीस तूच की."

खेळ सोपा आहे सांगायला. नऊ खड्ड्यांचे दोन फेरे, म्हणजे अठरा. जितक्या कमी मारांत पुरे कराल तितकं चांगलं. आमच्या क्लबात एक पद्धत होती. जानेवारीतल्या वार्षिक सामन्यात ज्यानं शंभरच्या आत अठरा पुरे केले, तो खेळाडू. दुसऱ्या कारखान्यांबरोबर सामने होत, त्या संघात त्याची निवड होऊ शके. बाकीच्यांची नावं क्लबातल्या फळ्यावर एका बाजूला, आणि वर ठळक अक्षरांत लिहिलेलं: शिकाऊ.

माझं नाव तिथं. पहिल्या वर्षी काही वाटलं नाही. दुसऱ्या वर्षी आई क्लबात हळदीकुंकवासारख्या कसल्याशा बायकांच्या कार्यक्रमाला आली आणि तिनं तो फळा वाचला. आई सावकाश वाचते, पण सगळं वाचते. घरी आल्यावर म्हणाली, "तुजं शिकून झालं न्हवं? एवढं एमेस्सी केलंस. मग आजून शिकाऊ कशी?"

मी समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आपल्या वसाहतीत कुणाला सांगू नगंस."

तेव्हापासून तो शब्द माझ्या डोक्यात बसला. कारखान्यातल्या एकाही बाईचं नाव त्या फळ्याच्या दुसऱ्या बाजूला नव्हतं. मला तिकडं जायचंच होतं.

आता चेंडवाकडं येते. मला वाटायचं, चेंडू म्हणजे चेंडू. पांढरा, खड्ड्याखड्ड्यांचा, लिंबाएवढा. सुरुवातीला मी माळावर सापडतील ते चेंडू गोळा करून खेळायचे. माझ्या पिशवीत सगळ्या जातीधर्माचे चेंडू गुण्यागोविंदानं नांदत होते. एक लांब जाई, एक जवळच पडे, एकाला चीर पडलेली, तो उडताना शीळ घाली.

हिशेब खात्यातले एक साहेब होते. खेळ बेताचा, सामान मात्र परदेशी. ते मला एकदा म्हणाले, "मॅडम, चेंडू निवडायला शिका. हा बघा, असा दाबायचा." त्यांनी अंगठ्यानं आणि बोटानं चेंडू दाबला, बाजारात आंबा दाबतात तसा.

मी दाबला. "दबत नाही की."

"दबत नाही हो, जाणवतो. वरची साल मऊ आहे. लेडीजनी मऊच खेळावा. ताकद कमी पडते ना."

"माझे वडील कांद्याची पोती उचलायचे. ताकद भरपूर आलीय वारशानं."

कॅप्टनसाहेब बाजूला काठ्या पुसत होते. ते म्हणाले, "ताकदीबद्दल तक्रार नाही मॅडम. तुमच्या वारशात दिशा आली नाही, एवढंच."

पण हिशेबसाहेबांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. भारीतल्या चेंडवाची साल मऊ असते. ती काठीच्या खाचांना धरते, चेंडू हवेत गरगर फिरतो, आणि खाली पडला की थोडक्यात थांबतो. स्वस्तातल्याची साल टणक आणि गुळगुळीत. तो पडल्यावरही पळत राहतो. कॅप्टनसाहेबांना मी विचारलं, यातला चांगला कुठला? ते म्हणाले, "लग्न कुणाशी करावं, असं विचारताय."

मी स्वस्तातले टणक नारिंगी चेंडू घेतले. नारिंगी अशासाठी, की मुरमात पांढरे गोटे इतके, की पांढरा चेंडू शोधताना मी तीनदा गोट्याला काठी मारली होती. त्या नारिंगी चेंडवांवर मी वर्षभर खेळले. ब्राऊनच्या अलीकडं कुठं टाकला की तो दोन टप्पे घेऊन सरपटत खड्ड्याजवळ जातो, ते माझ्या हाताला कळायला लागलं. शंभरच्या आसपास यायला लागले.

आणि त्याच वर्षी एका प्रशिक्षणासाठी पुण्याला गेले असताना मी भारीतल्या चेंडवांचा एक डबा विकत घेतला. का घेतला? कारण परवडत होता. आयुष्यात पहिल्यांदा खेळाच्या दुकानात जाऊन 'यातला सगळ्यात चांगला दाखवा' असं म्हणता येत होतं, म्हणून म्हटलं. दुकानदार मला 'मॅम' म्हणाला. डबा मांडीवर घेऊन मी सोलापूरपर्यंत आले.

घरी आईनं तो उघडून बघितला. चेंडू पांढरेशुभ्र, मोत्यासारखे. तिनं एक हातात घेतला, पदरानं पुसला, परत ठेवला.

"ह्ये रोज काढू नगंस. मुरमात घासत्याल. सामन्याला काढ."

"तेच म्हणते मी."

डबा फळीवर गेला. खरं सांगायचं तर तिनं सांगायच्या आधीच माझं ठरलं होतं. रोजच्याला नारिंगी, सणाला पांढरा. यात विचार करायचं काही होतं असं मला वाटलंच नाही.

सामन्याचा दिवस उजाडला. थंडी होती, मैदानाच्या उजव्या कडेला शाळू, म्हणजे थंडीतली ज्वारी, डोक्याएवढा उंच, कणसांनी भरलेला. मी सगळ्यांसमोर डब्यावरचा कागद फाडला. हिशेबसाहेबांनी भुवया वर केल्या. "वा मॅडम! हा तर माझाच चेंडू."

पहिला मार. लागला छान. माझा मार थोडा उजवीकडं वळतो, पण नारिंगी चेंडू वळून वळून वाटेच्या कडेलाच राहायचा. हा भारीतला. तो हवेत जास्त फिरला, म्हणून जास्त वळला. वळला तो वळतच गेला आणि शाळूत शिरला.

मी कडेला जाऊन डोकावले. शेतात माळ्यावर एक बाई गोफण घेऊन पाखरं राखत उभी होती.

"मावशी, चेंडू दिसला का?"

"दिसला की! त्येनं माजी दोन पाखरं उटवली. आनी एक मारा, बरं पडतंय."

"शोधू का आत येऊन?"

"कणसं मोडू नगा. अवं ताई, तुमी कुटं मारता आनी त्यो कुटं जातोय? माजा गोफणीचा दगुड तरी जाग्याव जातोय."

मागं उभे असलेले सगळे हसले. मैदानाबाहेर चेंडू गेला की एक मार दंड, आणि पुन्हा तिथूनच मारायचा. मी नवा पांढरा काढला. तोही वळला. त्या सकाळी माझ्या भारीतल्या चेंडवांनी शाळूत वस्तीच केली.

वाचले ते ब्राऊनजवळ नडले. मी वर्षभराच्या सवयीनं अलीकडं टाकायचे, तो पळत पुढं जाईल म्हणून वाट बघायचे. तो पडायचा आणि तिथंच बसायचा. चहा घेतल्याशिवाय न उठणाऱ्या पाहुण्यासारखा. पुढं ढकलायला जावं तर मऊपणामुळं हाताला निराळाच लागायचा, खड्ड्याच्या अलीकडंच दम तोडायचा. मी वैतागून जोरात मारायला लागले, मग तो पलीकडं जायला लागला.

शंभर तर सोडाच, मी सव्वाशेच्या घरात गेले. इतकी वाईट मी दुसऱ्या वर्षीसुद्धा खेळले नव्हते.

हिशेबसाहेब हळहळले. "आश्चर्य आहे. चेंडू तर अगदी माझ्यासारखा होता."

कॅप्टनसाहेब म्हणाले, "खेळही तुमच्यासारखाच झाला."

घरी आईनं विचारलं, "चेंडू कुटं हायत?"

"शाळूत."

"लई भारीतले न्हवं ते?"

"व्हय."

"मग?"

फळ्यावर माझं नाव शिकाऊंत आणखी एक वर्ष बसलं.

पण मी प्रयोगशाळेतली बाई आहे. नमुना बिघडला तर नशिबाला दोष देत नाही, तपासून बघते. पुढच्या रविवारी मी एका ब्राऊनच्या अलीकडं एका ठिकाणी उभी राहिले आणि त्याच काठीनं, तशाच मारानं, एकदा नारिंगी, एकदा उरलेला पांढरा, असे मारत राहिले. नारिंगी सगळे खड्ड्याच्या आसपास गोळा झाले. पांढरे सगळे अलीकडं, एकमेकांना चिकटून. मला वाटलं होतं पांढरा बेभरवशाचा आहे. अजिबात नव्हता. तो दर वेळी तेच करत होता. फक्त ते मला माहीत नव्हतं, कारण सामन्यापर्यंत त्याला मी फळीवर ठेवलं होतं.

हिशेबसाहेब बघत होते. म्हणाले, "काय सिद्ध झालं?"

"हेच, की चेंडू चांगला आहे. ओळख नाही."

मग मी ओळख करून घ्यायला गेले. उरलेले पांढरे रोजच्या खेळात काढले. आईनं तोंड फिरवलं. आठवड्यातच मुरमानं त्यांच्या अंगावर ओरखडे काढले. प्रत्येक मारानंतर मी चेंडू उचलून, पुसून बघायचे, पोराचं खरचटलेलं ढोपर बघतात तसं. आणि पाचव्या खड्ड्याआधी नाला आहे. तिथं पांढरा ठेवला की माझे हात आखडायचे. गेला तर? नारिंगी असताना मी त्या नाल्याकडं बघतसुद्धा नव्हते. पांढरा असताना नाल्याशिवाय दुसरं काही दिसायचं नाही. चेंडू बरोबर नाल्यात.

कॅप्टनसाहेब माझ्याबरोबर खेळत होते. म्हणाले, "मॅडम, तुम्ही चेंडू परत आणायच्या विचारानं मारता. मारला की तो गेला समजायचं."

"एवढा भारीतला?"

"झालं तर मग. जो गेला तरी चालेल, त्यानंच खेळा."

माझं तिथंच ठरलं. पिशवी उलटी केली. सापडलेले, चिरलेले, शीळ घालणारे सगळे काढून टाकले. उरलेले पांढरे हिशेबसाहेबांना देऊन टाकले. त्यांनी ते दाबून बघितले. पिशवीत राहिला एकाच जातीचा टणक नारिंगी चेंडू. सरावाला तोच, सामन्याला तोच. वाऱ्याला, उन्हाला, उन्हाळ्यात तापलेल्या मुरमावर, पावसानंतरच्या चिखलात, वर्षभर तोच.

सामना जवळ आला तसा घरात वाद झाला.

"तिकडं समदी साहेबलोकं भारीतलं घिऊन येणार. आन तू ह्यो संत्र्यासारका चेंडू नेणार? चारचौघांत?"

"आई, मागच्या वर्षी भारीतलाच नेला होता."

"त्यो चेंडू तसला निगाला."

"चेंडू चांगला होता. मला त्याची सवय नव्हती. तू नव्या सुपावर कधी भराभर बिड्या वळल्यास?"

आईनं पिशवीतला एक चेंडू काढून उलटसुलट बघितला. म्हणाली, "मग निदान धुऊन तरी ने." आणि सामन्याच्या आदल्या दिवशी तिनं माझे सगळे नारिंगी चेंडू बादलीत टाकून, घासून, पुसून, उन्हात एका ओळीत वाळत ठेवले. येणारे-जाणारे विचारत होते, लाडू केलेत का.

त्या दिवशी वारा होता. पहिला मार उजवीकडं वळला आणि शाळूच्या हातभर अलीकडं, मैदानातच थांबला. पलीकडून आवाज आला, "का वो ताई, औंदा पाखरं न्हाईत उटवायची व्हय?" मी हात केला आणि पुढं गेले. ब्राऊनच्या अलीकडं टाकायचा, दोन टप्पे, सरपट. नाल्यापाशी मी पाण्याकडं बघितलंच नाही. हिशेबसाहेबांचा एक पांढरा नाल्यात गेला. ते काठावर उभे राहून बराच वेळ पाण्याकडं बघत होते. मला त्यांचं दुःख समजत होतं.

शेवटच्या खड्ड्याला आले तेव्हा माझे चौऱ्याण्णव मार झाले होते. पाच शिल्लक. सहावा लागला की शंभर, म्हणजे पुन्हा फळ्याची तीच बाजू. आई बाकावर येऊन बसली होती. तिला आकडे कळत नव्हते, पण सगळे गप्प झालेत एवढं कळत होतं.

पहिला मार वाटेवर. दुसरा थोडा कमी पडला. तिसरा मी ब्राऊनच्या अलीकडं टाकला. एक टप्पा, दोन टप्पे, वाळूवर चढला, आणि खड्ड्यापासून दोन हातांवर थांबला. मी फळी घेऊन वाळू सारखी केली. चौथा मार खड्ड्याच्या ओठाला लागून बाजूला झाला. मागं कुणीतरी 'अरेरे' म्हणालं. आई मोठ्यानं म्हणाली, "आता हातानं ढकल की!" कॅप्टनसाहेब हसू दाबायला पाठ करून उभे राहिले.

चेंडू वीतभर लांब होता. मी श्वास सोडला आणि पाचवा मारला. तो आत पडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

मी अठरा खड्डे नव्याण्णव मारांत पुरे केले. शिकाऊंतून माझं नाव निघालं, आणि त्याच वर्षी कारखान्याच्या संघातून खेळणारी मी पहिली बाई झाले.